वरच्या कवळीतला पुढचा दात पुन्हा निघाला. एकच दात बदलता येतो का?

कृष्णाकाठ (मिरज)

नमस्कार. प्रश्न आईच्या कवळीचा आहे. आईचं वय ७१. वरच्या जबड्यात पूर्ण कवळी आहे, बारा-तेरा वर्षांपूर्वी केलेली. खाली पुढचे सहा दात तिचे स्वतःचे, पण दोन्हीकडच्या दाढा काढलेल्या. त्या दाढांसाठी खालची छोटी कवळीही केली होती. ती टोचायची म्हणून आईने लावणं सोडलं, तेव्हापासून ती डब्यातच आहे.

दिवाळीत कडबोळी खाताना वरच्या कवळीतला पुढचा उजवा दात निघून हातात आला. तुटला नाही, अख्खा निसटला. मागच्या वर्षीही हाच दात निघाला होता. तेव्हा एका दवाखान्यात तासाभरात बसवून दिला, पण तो शेजारच्या दातापेक्षा थोडा पुढे दिसायचा आणि 'फ' म्हणताना आईच्या ओठाला लागायचा. आता एक डॉक्टर म्हणतात, एवढी जुनी कवळी दुरुस्त करू नका, नवीनच करा. दुसरे म्हणतात, लॅबला पाठवून दुसरा दात बसवून घेऊ. भावाने तर इन्स्टंट गोंदाची ट्यूब आणून ठेवली आहे.

आईला नवी कवळी अजिबात नको आहे. तिला या कवळीची इतकी सवय झाली आहे की तोंडात काही आहे हेच ती विसरते. असा एकच दात बदलता येतो का? त्याच आकाराचा, त्याच रंगाचा दात वेगळा मिळतो का? आणि दर वेळी तोच दात का निघतो? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा. पुढचा दात नसल्यामुळे आई सध्या तोंडाला पदर लावून बोलते, ते बघवत नाही.

माळरान (जत)

एकच दात बदलून मिळतो. आमच्या वडिलांच्या कवळीचा सुळा असाच बसवून घेतला, अजून टिकून आहे. सकाळी कवळी दिली, संध्याकाळी मिळाली. गोंद मात्र लावू नका. आमच्या मामांनी लावला होता, दात वाकडा चिकटला आणि नंतर लॅबवाल्याला तो खरवडून काढताना फार त्रास झाला.

जुना मेकॅनिक (कोल्हापूर)

ताई, आधी ती गोंदाची ट्यूब भावाकडून काढून घ्या.

मी डेंटल मेकॅनिक. मुंबईत दोन वर्षांचा कोर्स केला, पुढे कोल्हापुरात स्वतःची लॅब काढली. आता लॅब मुलगी बघते आणि मी फक्त दात लावायला बसतो, कारण ते काम मला अजून मनापासून आवडतं. कायद्याप्रमाणे पेशंटच्या तोंडाचं काम डॉक्टरांचं आणि बाकावरचं काम आमचं. त्यामुळे तोंडाबद्दल मी जे लिहीन ते तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. कवळीबद्दल मात्र खात्रीने सांगतो.

दात बदलता येतो. तुमच्या आईचा दात अख्खा निघाला आहे, म्हणजे तोच परत बसवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त. तो ओल्या कापसात, झाकणाच्या डबीत ठेवा. त्याच्या इतका जुळणारा दात बाजारात मिळणार नाही, कारण आईच्या तोंडात तो बारा वर्षं शेजाऱ्यांबरोबर झिजलेला आहे.

गोंदाला विरोध का, ते सांगतो. हल्ली आपल्याकडच्या बहुतेक कवळ्या ॲक्रिलिकच्या असतात आणि दातही ॲक्रिलिकचेच. कवळी शिजवताना, म्हणजे साच्यातलं ॲक्रिलिक तापवून घट्ट करताना, गुलाबी ॲक्रिलिकमधला मोनोमर (त्यातलं द्रव) दाताच्या तळात शिरतो आणि दोन्ही एकजीव होतात. हा जोड नीट झाला असेल तर दात निसटत नाही, फार तर फुटतो. इन्स्टंट गोंदाचा थर वरवर बसतो, ठिसूळ असतो आणि तोंडातल्या ओलीत, चावण्याच्या दाबाखाली तडकतो. शिवाय त्या थरावर नंतर खरं ॲक्रिलिक धरत नाही. तो पूर्ण घासून काढावा लागतो आणि घासताना दाताची मूळ बैठकही जाते. बैठक गेली की दात कुठे होता हे सांगणारी एकमेव खूण गेली.

आता तुमचा दात का निघाला, ते तुम्हाला घरीच बरंचसं कळेल. दात उन्हात धरून त्याचा तळ बघा. तळ गुळगुळीत, चकचकीत असेल आणि कवळीतली खाचही स्वच्छ असेल, तर जोड मुळात झालाच नव्हता. कवळी करताना दात मेणात उभे केलेले असतात, नंतर उकळत्या पाण्याने ते मेण धुऊन काढतात. तळाला मेणाचा पुसटसा थर राहिला, किंवा प्लास्टरला ॲक्रिलिक चिकटू नये म्हणून लावतात ते द्रव दातावर ओघळलं, तर तिथे जोड धरत नाही. हा लॅबचा दोष. तळाला गुलाबी तुकडे चिकटून आलेले असतील तर जोड चांगला होता, पण दातावर सोसवणार नाही एवढा जोर येत होता. हा चावण्याचा दोष. पहिल्यात दात नीट बसवला की काम झालं. दुसऱ्यात कितीही चांगला बसवा, पुन्हा निघणार.

मला दुसऱ्याची शंका जास्त आहे. खाली फक्त पुढचे सहा स्वतःचे दात आणि मागे काहीच नाही, हे तुम्ही लिहिलंत तिथेच मी थांबलो. आई जे काही चावते ते पुढच्याच दातांनी चावते. तिचे खालचे खरे दात वरच्या कवळीच्या पुढच्या भागावर दिवसभर ठोकत असणार. एक करून बघा. पतंगाच्या कागदाची बोटभर पट्टी कापा. कवळी लावून आईला खुर्चीत ताठ बसवा, पट्टी पुढच्या उरलेल्या दातांमध्ये धरा आणि तिला अलगद तोंड मिटायला सांगा. पट्टी ओढून बघा. मग तीच पट्टी मागे, दाढांच्या जागी धरून ओढा. पुढे घट्ट धरली आणि मागे सहज सुटली, तर दात निघण्याचं कारण सापडलं. काय होतं ते इथे लिहा.

दात बसवण्याबद्दल. तो मागच्या वर्षी पुढे बसला होता, म्हणून जुन्या खाचेत तसाच परत दाबून चालणार नाही. आधी तो मेणाने तात्पुरता उभा करायचा आणि डॉक्टरांनी तो आईच्या तोंडात बघायचा. 'फ' आणि 'व' म्हणताना वरच्या पुढच्या दातांची धार खालच्या ओठावर, जिथे ओला भाग संपून कोरडा सुरू होतो त्या रेषेवर अलगद टेकते. दात पुढे असला तर ओठाला रुततो, तुमच्या आईला तेच होत होतं. मग आईला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला सांगा. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट म्हणताना वरचे-खालचे दात जवळ येतात पण एकमेकांवर आपटायला नकोत. टकटक आवाज आला तर दात लांब आहे किंवा कवळीची उंची चुकली आहे. आमच्या डॉक्टरांनी मला हे वाचाचाचणीचं काम शिकवलं आणि आजही ट्रायलला, म्हणजे पक्की करण्याआधी तोंडात लावून बघायला, आलेल्या प्रत्येक कवळीला मी डॉक्टरांकडून ते करवून घेतो.

तोंडात जागा पक्की झाली की पुढून, शेजारच्या दोन-दोन दातांसकट, प्लास्टरचा किंवा सिलिकॉन पुट्टीचा ठसा घेतात. त्या ठशात दात बरोबर त्याच जागी बसतो. मग मेण काढायचं आणि कवळी टाळूच्या बाजूने थोडी कोरायची. ओठाच्या बाजूची गुलाबी कड शक्यतो तशीच ठेवायची, कारण हसल्यावर ती दिसते आणि नवीन गुलाबी जुन्यात कधीच पूर्ण मिसळत नाही. दाताचा तळ खरखरीत करायचा, त्यात छोटी खाच पाडायची, तीनेक मिनिटं मोनोमरने ओला ठेवायचा. मग सेल्फ क्युअर (न शिजवता आपोआप घट्ट होणाऱ्या) ॲक्रिलिकची पावडर आणि द्रव थोडं थोडं घालत भरायचं आणि कोमट पाण्याच्या प्रेशर पॉटमध्ये ठेवायचं. उकळत्या पाण्यात जुनी कवळी कधीही घालू नये, ती वाकते आणि मग टाळूला बसत नाही. घाईत प्रेशर पॉट टाळून बाहेरच सुकवलेलं काम सच्छिद्र राहतं, त्यात वास धरतो.

समजा दात हरवला असता, तर? तरीही मिळतो. पुढचे सहा दात एका पट्टीवर लावलेले येतात, त्यावर आकाराचा मोल्ड नंबर आणि रंगाचा शेड नंबर असतो. पूर्ण कवळीचा सेट २८ दातांचा, अक्कलदाढा लावत नाहीत. पण एक लक्षात ठेवा. उजवा दात डावीकडे चालत नाही. पुढच्या मधल्या दाताचा मध्यरेषेकडचा कोपरा जवळजवळ काटकोनात असतो आणि बाहेरचा कोपरा गोलसर. उलटा बसवला तर बघणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण चेहरा परका वाटतो. नवीन दात जुन्यांच्या शेजारी लांबही दिसणार, म्हणून त्याची धार शेजाऱ्याइतकी झिजवावी लागते. रंगाचं तसंच. चहा, पान, मिसरी यांनी जुने दात गडद होतात, त्यामुळे नवीन कवळीला जो नंबर होता तो आज जुळेलच असं नाही. रंग दिवसाच्या उजेडात, दात ओला करून बघायचा, आणि एकटक बघत बसायचं नाही. डोळा थकला की सगळे पिवळे एकसारखे दिसतात. आईचा जुना फोटो असेल, दात दिसतील असा हसतानाचा, तर तोही बरोबर न्या.

माळरान (जत)

काका, एवढं माहीत नव्हतं. एक विचारतो. वडिलांचा लॅबवाला म्हणत होता की पूर्वी चिनीमातीचे दात असायचे आणि ते काढून दुसरे घालता यायचे, स्क्रूसारखे. खरं आहे का?

जुना मेकॅनिक (कोल्हापूर)

स्क्रू नव्हता, पण गोष्ट खरी आहे आणि माझ्या फार आवडीची आहे.

चिनीमातीचा दात ॲक्रिलिकला किंवा रबराला चिकटत नाही. म्हणून तो धरून ठेवायचा कसा, यावरच शंभर-सव्वाशे वर्षं डोकी चालली. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये जुझेप्पांजेलो फोन्झी या इटालियन दंतवैद्याने सुटे सुटे दात दाखवले, प्रत्येकाच्या पाठीत प्लॅटिनमची टाचणी भट्टीतच बसवलेली. त्याआधी चिनीमातीची अख्खी कवळी एकसंध भाजायचे. ती भाजताना आकसायची, त्यामुळे हिरडीला बसणं नशिबावर असायचं. दात सुटा झाला आणि पहिल्यांदा एक दात काढून दुसरा घालण्याचा विचार शक्य झाला. त्या काळातही श्रीमंतांच्या तोंडात मेलेल्या माणसांचे दात असायचे. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावरच्या सैनिकांचे दात काढून विकले गेले, आणि त्या प्रकारच्या दातांना इंग्लंडात पुढे वॉटर्लूचे दात हेच नाव पडलं. आज एखाद्या गरीब म्हातारीला सरकारी दंत महाविद्यालयात नाममात्र खर्चात कवळी मिळते, तेव्हा मला हे आठवतं आणि या धंद्यात आल्याचं समाधान वाटतं.

मग १८३० च्या दशकात लंडनच्या क्लॉडियस ॲशने ट्यूब टूथ काढला. हा माणूस मूळचा सोन्याचांदीचा कारागीर. त्याने दातात तळापासून आरपार नळी ठेवली आणि सोन्याच्या पत्र्यावर त्या मापाची उभी काडी जोडली. दात काडीवर वरून सरकवायचा आणि वितळलेल्या गंधकाने पक्का करायचा. फुटला तर गंधक तापवून जुना काढायचा, दुसरा घालायचा. काडी जागची हलत नाही, म्हणून नवा दात बरोबर जुन्याच जागी उभा राहतो. आजही एखादी रचना जमली की नाही हे मी याच कसोटीवर बघतो.

पुढे व्हल्कनाइट आलं, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. सोन्याच्या मानाने फार स्वस्त, त्यामुळे साध्या माणसालाही कवळी परवडू लागली. अमेरिकेत त्यावर १८६४ चं पेटंट होतं आणि प्रत्येक डॉक्टरकडून पैसे वसूल केले जायचे. वसुली करणाऱ्या कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याला १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सॅम्युएल चॅल्फंट नावाच्या दंतवैद्याने गोळी घालून मारलं. दोन वर्षांनी पेटंटची मुदत संपली. व्हल्कनाइटमध्येही चिनीमातीचे दात टाचण्यांनी किंवा तळातल्या भोकांनी अडकवलेले असायचे.

तुम्ही विचारताय ते बहुधा स्टीलचे इंटरचेंजेबल फेसिंग. स्टील हे माणसाचं नाव, धातूचं नव्हे. अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस शहरातली कंपनी ते बनवायची. ही कवळीपेक्षा सोन्याच्या ब्रिजची, म्हणजे शेजारच्या दातांवर पक्क्या बसवलेल्या दातांची गोष्ट. फेसिंग म्हणजे दाताचा फक्त दर्शनी, चिनीमातीचा भाग. त्याआधी फेसिंगच्या टाचण्या सोन्याला डाग देऊन जोडायच्या, म्हणजे चिनीमाती ज्योतीखाली जायची आणि बरेचदा तिथेच तडकायची. स्टीलच्या फेसिंगच्या पाठीत उभी खाच असते आणि धातूच्या पाठीवर त्या खाचेत बसणारी उभी पट्टी. सगळं डाग देण्याचं काम धातूवर उरकायचं, फेसिंग शेवटी सरकवून सिमेंटने बसवायचं. चिनीमाती आगीत जातच नाही. आणि तोंडातच फुटलं तर ब्रिज न काढता त्याच नंबरचं दुसरं सरकवायचं. माझ्या गुरुजींच्या लाकडी पेटीत असे काही जुने नग होते. मी पहिल्यांदा एक सरकवून बघितला तेव्हा त्या खाचेच्या मापाने मी थक्क झालो होतो, कुठे ढिला नाही, कुठे अडत नाही. त्याची कमजोरी खालच्या धारेत होती. धारेखाली धातूचा आधार नीट दिला नाही तर पुढचा दात पुढच्या दातावर आपटून फुटायचाच.

१९३७ च्या सुमारास ॲक्रिलिकच्या कवळ्या आल्या, नंतर ॲक्रिलिकचे दात आले आणि खाच, टाचणी, नळी या सगळ्याची गरज कमी झाली. चिनीमातीचे दात आता आमच्याकडे क्वचित येतात. दिसायला सुंदर, झिजत नाहीत, पण समोरचा खरा दात झिजवतात आणि बोलताना वाजतात. तापल्यावर ॲक्रिलिक चिनीमातीपेक्षा दहाएक पट जास्त फुगतं, त्यामुळे दाताभोवती बारीक भेगा पडतात. ताई, तुमच्या आईच्या खालच्या खऱ्या दातांसमोर चिनीमातीचे दात कुणी सुचवलेच तर नको म्हणा.

आता कॉम्प्युटरवर कवळी कोरतात. त्यात गुलाबी चकतीमध्ये प्रत्येक दाताची बैठक मशीन कोरतं आणि दात त्यात बसवून जोडतात. फाइल जपून ठेवली तर तीच कवळी पुन्हा कोरता येते. मुलगी ते शिकते आहे. मी बघतो तेव्हा मला ॲशची काडीच दिसते.

कृष्णाकाठ (मिरज)

काका, मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. गंधकाने दात बसवायचे हे ऐकून ती म्हणाली, "मग मी फार उशिरा जन्माला आले ते बरंच झालं."

दाताचा तळ बघितला. एका कडेला गुलाबी तुकडे आहेत, बाकी तळ चकचकीत. कागदाची पट्टी पुढे इतकी घट्ट धरली की फाटली. मागे दोन्हीकडे अलगद सुटून आली. आणखी एक लक्षात आलं. आई दात मिटते तेव्हा कवळी मागून किंचित खाली येते. आईला ते इतक्या दिवसांत जाणवलंच नव्हतं. पुढची हिरडी बोटाने दाबली तर मऊ लागते, हलते.

दंतवैद्य (नाशिक)

मेकॅनिक काकांनी बाकावरचं सगळं उत्तम सांगितलं आहे, त्यात मला काही बदलायचं नाही. पण तुमची शेवटची पोस्ट वाचून लिहितो आहे, कारण प्रश्न आता दाताचा राहिलेला नाही.

वर पूर्ण कवळी आणि खाली फक्त पुढचे खरे दात, अशा तोंडात ठरावीक बदल होत जातात. पुढच्या भागावर सतत दाब आल्याने वरच्या जबड्याचं पुढचं हाड झिजतं आणि त्या जागी मऊ, हलणारी हिरडी उरते. कवळी पुढे दबते, मागे सुटते. केली यांनी १९७२ मध्ये हे नीट मांडलं, आम्ही त्याला काँबिनेशन सिंड्रोम म्हणतो. तुम्ही लिहिलेलं वर्णन त्याच्याशी फार जुळतं. निदान मात्र प्रत्यक्ष तपासूनच करता येईल, शक्यतो प्रॉस्थोडोंटिस्टकडून, म्हणजे कृत्रिम दातांच्या तज्ज्ञाकडून.

म्हणून मी नवीन कवळी सांगणाऱ्या डॉक्टरांच्या बाजूने थोडं बोलतो. बारा वर्षांत हाड बदलतं, कवळी बदलत नाही. पण फक्त वरची नवीन केली आणि खाली मागे आधार दिला नाही, तर नव्या कवळीचंही हेच होईल. आधी खालच्या दाढांची सोय व्हायला हवी. डब्यातली छोटी कवळी टोचते म्हणून आईने ती काढून ठेवली, आणि सगळा भार पुढे आला. टोचणारी जागा दोन-तीन भेटींत घासून दुरुस्त होते, पेशंटने परत यायला हवं आणि डॉक्टरांनीही परत बोलवायला हवं. आता मात्र बहुधा नवीन करावी लागेल. जमल्यास धातूच्या सांगाड्याची करा, ती पातळ असते आणि उरलेल्या दातांवर टेकते, त्यामुळे हिरडीत कमी रुतते.

तोवर दात बसवून घ्या, आईला बाहेर पडता आलं पाहिजे. बसवताना तो दात खालच्या दातांना नुसतं मिटल्यावर लागणार नाही इतपत मोकळा ठेवायला सांगा. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, हिरडीला विश्रांती मिळू द्यायची. आणि तोंडात कुठे जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला, तर दाताचं सगळं बाजूला ठेवून आधी ते दाखवा. मिसरी लावत असतील तर नक्कीच.

जुना मेकॅनिक (कोल्हापूर)

डॉक्टरसाहेबांनी मुळावर बोट ठेवलं. ताई, या क्रमानेच जा.

तळाला एका कडेला गुलाबी आणि बाकी चकचकीत, याचा अर्थ मागच्या वर्षीचा जोड जेमतेम एका कडेवर उभा होता आणि त्यावर खालचे दात ठोकत होते. दोन्ही दोष एकत्र. आता लॅबला सांगा की खाचेतलं मागच्या वर्षीचं सगळं ॲक्रिलिक काढून ताज्या पृष्ठभागावर काम करा, वरून थर चढवू नका.

कृष्णाकाठ (मिरज)

काल दात बसवून झाला. मेणात उभा करून डॉक्टरांनी आईकडून साठ ते सत्तर मोजून घेतलं, 'फ' चे शब्द म्हणवून घेतले. मी आईचा माझ्या लग्नातला फोटो नेला होता, त्यात तिचे तेच दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले दिसतात. डॉक्टरांनी तेवढा कल ठेवला. आई आरशात बघून बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "हा माझा आहे."

खालच्या कवळीसाठी पुढच्या आठवड्यात माप देणार आहोत. नंतर वरचीही नवीन करायचं आईने कबूल केलं आहे. दोन गोष्टी विचारते. डब्यातली जुनी छोटी कवळी मधल्या काळात लावून बघू का? आणि नवीन करताना आम्ही लॅबकडून काय मागून घ्यावं?

जुना मेकॅनिक (कोल्हापूर)

फोटोतला कल डॉक्टरांनी ठेवला, फार चांगलं केलं. सगळे दात सरळ रेषेत लावणं सोपं असतं, पण ते कुणाचेच नसतात.

जुनी छोटी कवळी जोर लावून बसवू नका. इतकी वर्षं मोकळे राहिलेले खालचे दात सरकलेले असतात, तारा त्यांना अडतात आणि एखादा हललेला दात त्यातच जाऊ शकतो. ती पाण्यात ठेवून डॉक्टरांना दाखवायला न्या. गरम पाण्यात मऊ होईल म्हणून घालू नका.

लॅबकडून एकच मागा. बिलावर दातांच्या कंपनीचं नाव, पुढच्या दातांचा मोल्ड नंबर, मागच्या दातांचा मोल्ड नंबर आणि शेड नंबर लिहून द्यायला सांगा. बिल आईच्या फाइलला लावा. मागच्या दातांच्या टोकांची उंची किती ठेवायची ते डॉक्टर ठरवतील. आईचं पुढचं हाड झिजलेलं आहे, म्हणून मी असतो तर चपट्या किंवा कमी उंचीच्या टोकांचे दात सुचवले असते, चावताना कवळी आडवी ढकलली जाऊ नये म्हणून. आणि ट्रायलला मेणातली कवळी येईल तेव्हा आईला बसल्या बसल्या 'छान आहे' म्हणायला लावू नका. तिला खिडकीपाशी न्या, तिच्याशी नेहमीसारखं बोला, भाजीचा भाव, नातवंडांची चौकशी काहीही. बोलताना दात कसे दिसतात ते तुम्ही बघा. मेणात असेपर्यंत प्रत्येक दात हलवता येतो, शिजवल्यावर नाही.